डावा खांदा

पहाटे चारला मी दुकानाच्या शटरामागे बसते,
टायरांच्या उतरंडीला पाठ न टेकता.
समोर मेकाँग, पलीकडे लाओसचे डोंगर,
अंधारात ते आहेत असं धरून चालायचं.

मुलगा तैवानला गेला, स्क्रूच्या कारखान्यात,
त्या महिन्यापासून बसते.
कुणी सांगितलं नव्हतं.
झोप येत नव्हती, एवढंच.

मग सांगणारे भेटले.
विहारातले थोरले भिक्खू म्हणाले,
श्वास घेताना 'फुत्' म्हण, सोडताना 'थो'.
मावसबहीण म्हणाली, शब्द कशाला?
पोट बघ. फुगतं, बसतं. बास.
टँकरवाला प्रसोंग म्हणाला, डोळे उघडे ठेव,
मिटलेस की भुतं येतात.
हे त्याने कुठल्याशा गुहेत महिनाभर बसून मिळवलं होतं,
आणि ट्यूबचे पैसे उधार ठेवून गेला.

सगळं करून पाहिलं.
'फुत्' म्हणताना पोट विसरायचे,
पोट पाहताना भुतं आठवायची.
एकदा मात्र सगळंच थांबलं.
नदी, फ्रिजची घरघर, मुलाचं न आलेलं उत्तर.
किती वेळ, ठाऊक नाही.
कोंबडा आरवला तेव्हा गाल ओला होता.

ती समाधी होती की लाळ?
कुणाला विचारणार?

साइडकार लावलेल्या मोटरसायकलवरून
मेची चान्फेनकडे गेले, बान फाएंगच्या रस्त्याने.
सोबत धुण्याची पावडर, सोयादुधाची बारा पाकिटं.
पांढऱ्या वस्त्रातली ती म्हातारी चिंच सोलत होती.
भादरलेल्या डोक्यावर एक माशी,
तिने हाकलली नाही.

किती वेळ बसतेस?
चाळीस मिनिटं.
गुडघे?
दुखतात.
घोरतेस का?
ऐकायला घरी कोणी नाही.

त्यावर ती बराच वेळ चिंचच सोलत राहिली.

मी वाटेत एक उपमा जुळवून ठेवली होती, ती काढली:
मन म्हणजे ट्यूब, ध्यान म्हणजे पाण्याचं घमेलं,
बुडवून धरली की बुडबुडा येतो, तिथे भोक.
तीस वर्षं हेच करतेय, माई,
एवढं एक भोक मात्र सापडत नाही.

"छान आहे," ती म्हणाली,
"जाताना इथेच ठेवून जा."

मग म्हणाली, बस.
बसले.
ती खराटा घेऊन अंगण झाडू लागली,
सागाची पानं, मोठाली, कडकड वाजणारी.
मला वाटलं, ही विसरली मला.
खराटा माझ्यामागे येऊन थांबला.

"डावा खांदा वर आहे."

मी वाट पाहिली. खराटा पुढे गेला.
आणखी? मी विचारलं.
"आणखी काय!
तुझी पाठ तुला दिसत नाही. मला दिसली."

या खांद्यावर तीस वर्षं पहार तोलली.
याच खांद्याला धरून नवऱ्याने एकदा ढकललं होतं.
मुलाला ताप असला की तो इथेच झोपायचा.
कुठलं कारण, मेचीने विचारलं नाही,
आणि मला, खरं सांगायचं तर, सांगायचं होतं.

निघताना म्हणाली, दर पौर्णिमेला येत जा.
झालं तेवढं सांग.
व्हायला हवं होतं ते घरी राहू दे.
आणि समाधी की लाळ, त्याचं काय?
ती हसली. वरचे दोनच दात.
"उशी धुतलीस ना?"

आता उधारीच्या वहीत मागून लिहिते,
पुढून प्रसोंगचे साडेतीनशे बाथ अजून बाकी.

सोमवार: खांदा.
मंगळवार: खांदा, 'थो' दोनदा विसरले.
बुधवार: झोप. खरीच.
गुरुवार: खांदा खाली आणला, उजवा वर गेला.
शुक्रवार: मुलाचा फोन, बसले नाही.
शनिवार: बसले. फोनच ऐकत होते.
रविवार: पाऊण वाजता ट्रकवाल्याने शटर बडवलं,
मागचं चाक बसलेलं.
पहार उचलताना कळलं,
खांदा केव्हाचा कानाशी.